जुन्या फायरप्लेसचे कोरीव संगमरवरी भाग घरात लावताना: पारख, सफाई, बसवणी

गडदनिळा

ब्रिटनमधल्या साल्व्हेज यार्डांत (पाडलेल्या घरांचा जुना माल विकतात तिथे) आणि लिलावांत जुन्या फायरप्लेसचे सुटे कोरीव भाग नेहमी येतात. अख्खी चौकट न घेता फक्त असे भाग घेऊन शोभेसाठी लावायचे आहेत. सध्या यादीत तीन गोष्टी आहेत. ॲकँथसच्या (कातरलेल्या मोठ्या पानांचं एक झाड) पानांची कॉर्बेलची, म्हणजे शेल्फखालच्या कोरीव घोड्यांची जोडी, प्रत्येकी ३२ सेमी उंच, १५ रुंद, १८ खोल. मधली पाटी, ४५ × २५ सेमी, जाडी ५ सेमी, वर कलश आणि दोन्ही बाजूंना फुलांच्या माळा. आणि कोपऱ्यात बसतात ते गोल फुलाचे चौकोनी ठोकळे, दोन, १५ × १५ × ४ सेमी. घर १८७० च्या आसपासचं टेरेस हाउस आहे. एक भिंत विटांची, दुसरी नंतर घातलेली प्लास्टरबोर्डची.

प्रश्न तीन: खरे-खोटे कसे ओळखायचे, काजळी आणि रंगाचे थर कसे काढायचे, आणि भिंतीवर कशाच्या आधाराने बसवायचे?

टाकीचे_घाव

पुढची बाजू नंतर बघा, आधी पाठ बघा. कोरीव बाजू कोणीही घासूनपुसून सजवू शकतो, पाठीकडे कोणी लक्ष देत नाही. हाताने घडवलेल्या भागाच्या पाठीवर टाकीचे तिरके, कमीजास्त खोलीचे चर असतात, कुठे दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा असतात. पाठ आरशासारखी सपाट असेल आणि तिच्यावर कमानदार ओरखडे असतील तर तो काप आधुनिक डायमंड ब्लेडचा. एवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही. जुना जाड भाग हलका करायला मागून नव्याने कापूनही विकतात. पण मग किंमत त्या हिशेबाने मागा, कारण जाडी गेली म्हणजे मजबुतीही गेली.

नंतर पानांचे कोपरे. ॲकँथसचं पान जिथे दुमडतं तिथे जुन्या कारागिरांनी आधी गिरमिटाने भोक पाडून मग छिन्नीने कड मोकळी केलेली असते. त्या भोकांचा तळ आजही दिसतो, टॉर्च तिरका धरा. पानाच्या टोकाखाली बोट किंवा काडी घालून बघा. खऱ्या कोरीव कामात टोकामागची जागा पोकळ केलेली असते. तीन अक्षांच्या सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कोरण्याच्या यंत्राला) तिथे पोचता येत नाही, ते यंत्र वरून खालीच उतरतं. त्यामुळे सीएनसीच्या पानाची टोकं पाठीला चिकटलेली राहतात, आतले कोपरे सगळे एकाच गोलाईचे येतात, आणि उतारांवर बारीक समांतर पायऱ्या राहतात. घासल्यावर पायऱ्या जातात, कोपऱ्यांची गोलाई जात नाही.

जोडी असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पानांच्या शिरा मोजा. हाताने केलेल्या जोडीत फरक सापडतोच. एका बाजूची शीर जरा लांब, एक वळसा जरा घट्ट. दोन्ही हुबेहूब असतील, अगदी टवकेसुद्धा त्याच जागी, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेले आहेत.

सांदीकोपरा

साच्यातले म्हणजे रेझिनचे ना? वजनावरून कळत नाही का?

टाकीचे_घाव

कळतं, पण आधी हिशेब करावा लागतो. संगमरवराची घनता साधारण २.७, म्हणजे एक लिटर आकारमानाला २.७ किलो. ४५ × २५ × ५ सेमीची पाटी ५.६ लिटर, म्हणजे साधारण १५ किलो. कॉर्बेलच्या आकाराचा पूर्ण ठोकळा ८.६ लिटरचा, पण खाली निमुळता आणि वळणदार असल्याने त्यातला साधारण ६० टक्के दगड उरतो. म्हणजे १४ किलोच्या आसपास. कोपऱ्याचा ठोकळा सुमारे अडीच किलो. हे आकडे पाठ करून जा आणि सोबत लटकवायचा काटा न्या. पाटी ९-१० किलो भरली तर शंका घ्या.

अडचण अशी की दगडाची भुकटी रेझिनमध्ये भरून ओतलेला माल वजनाला बराच जवळ जातो. त्यात ॲसिडची चाचणीही फसते. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबाने खरा संगमरवर फसफसतो, पण भुकटीत चुनखडी असेल तर ओतीव मालही फसफसतो. शिवाय ॲसिडचा डाग कायमचा, त्यामुळे विक्रेत्याच्या वस्तूवर ही चाचणी करूच नका. भिंग घेऊन पाठीवरचा एखादा ताजा टवका बघा. खऱ्या संगमरवराच्या तुटीत साखरेसारखे चकाकणारे स्फटिक दिसतात. ओतीव मालात मेणचट, सलग पृष्ठ आणि मधूनमधून हवेचे गोल बुडबुडे. कडेला साच्याची शिवण घासलेली रेघही सापडते.

तिसरी शक्यता अलाबास्टरची, म्हणजे जिप्समच्या मऊ, पांढरट दगडाची. त्याच्यावर नखाने ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही. अलाबास्टर पाण्यात किंचित विरघळतो, म्हणून त्याची ओली सफाई कधीच करू नये. घेण्यापूर्वी एवढी खात्री करून घ्याच.

विदुला_ब

चौथी शक्यता सगळ्यांत जास्त भेटते: स्लेट. व्हिक्टोरियन काळात स्लेटवर रंग आणि लाख चढवून, भट्टीत भाजून हुबेहूब संगमरवर उभा करायचे. मॅग्नस या उत्पादकाच्या अशा वस्तू १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या होत्या. काळ्या चौकटी आणि 'इटालियन' शिरांच्या पट्ट्या पुष्कळदा याच निघतात. टवक्यात आतून करडा, पापुद्र्यांचा दगड दिसला की स्लेट. वस्तू म्हणून ती वाईट मुळीच नाही, चांगल्या हातची असेल तर सुंदरच असते. पण तिच्यावर रंग काढायचं रसायन लावलंत तर 'संगमरवर'च निघून येईल.

शैलीवरून काळ ठरवू नका, हे माझं ठाम मत. कलश-माळांची मधली पाटी म्हटलं की विक्रेते लगेच वास्तुकार रॉबर्ट ॲडमचं (१७२८–१७९२) नाव घेतात. पण ॲडम शैली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि एडवर्डियन काळात (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला) जोरात परत आली, आणि त्या काळचे संगमरवरी भाग बाजारात मूळ अठराव्या शतकातल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. उभ्या पन्हाळी आणि कोपऱ्यात गोल ठोकळे ही रीजन्सीची (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळाची) खूण, पण तीही पुढे बरीच वर्षं घडत राहिली. ॲकँथसची भरदार कॉर्बेल, तिच्यावर जाड मँटलशेल्फ (चौकटीवरची आडवी फळी) आणि मध्ये ओतीव लोखंडाची कमानदार शेगडी हा थाट व्हिक्टोरियन. गडदनिळा, तुमच्या घराच्या काळाशी कॉर्बेल जुळतात. पाटी शैलीने आधीची आहे, काळाने असेलच असं नाही.

दगडाचा रंगही बोलतो. ज्याला धंद्यात 'स्टॅच्युअरी' म्हणतात तो शिरा नसलेला, किंचित मलईकडे झुकणारा इटलीतल्या कॅराराचा पांढरा दगड. बारीक कोरीव काम त्यात करत. करड्या शिरांचा साधा कॅरारा सपाट भागांना वापरत. एकाच फायरप्लेसमध्ये दोन्ही असायचे, म्हणून पाटी एका छटेची आणि चौकट दुसऱ्या छटेची दिसली तर लगेच 'जुळवाजुळव' म्हणू नका. पिवळा सिएना संगमरवर जडावाला. डब्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पिएत्रो बोसीच्या नावाने ओळखलं जाणारं रंगीत लेप भरलेलं काम झालं. त्यात दगड कोरून रंगीत मिश्रण भरलेलं असतं, म्हणून पोटीस (मळ ओढून घेणारा लेप), सॉल्व्हंट काहीही लावण्याआधी ते ओळखता आलं पाहिजे.

सुटे तुकडे भिंतीवर लावणं म्हणजे हौशी प्रकार असं कोणाला वाटत असेल तर लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये वास्तुकार सर जॉन सोनचं घर बघून या. प्राचीन संगमरवरी तुकडे आणि प्लास्टरचे साचे त्याने भिंतीभर मांडले आहेत. १८३३ च्या संसदेच्या कायद्याने ते घर जसंच्या तसं राखलं गेलंय. ॲडमच्या कार्यालयाची सुमारे ९,००० रेखाटनंही सोनने त्याच वर्षी विकत घेतली. त्यात फायरप्लेसची कितीतरी आहेत. अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार पिरानेसीने तर खऱ्या प्राचीन रोमन तुकड्यांभोवती फायरप्लेस रचून विकली. त्यांतली एक ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

पक्की_वीट

घेण्याआधी कायदा बघा. ब्रिटनमध्ये लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीतल्या) इमारतीतलं फायरप्लेस हा इमारतीचाच भाग धरला जातो. परवानगीशिवाय काढणं गुन्हा आहे, यादीतल्या खालच्या श्रेणीच्या, ग्रेड टू इमारतीतसुद्धा. रिकाम्या घरांतून फायरप्लेस चोरीलाही जातात. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: कुठल्या घरातून निघालं, काढण्यापूर्वीचा फोटो आहे का, पावतीवर मापांसकट वर्णन लिहून देणार का. 'जुन्या घरातून आलंय' हे उत्तर पुरेसं नाही. पाठीवर ताजा चुना, तुटलेल्या तारा, पहारीचे नवे टवके दिसले आणि कागद नसला तर सोडून द्या. मग भाव कितीही चांगला असो.

गडदनिळा

मनापासून धन्यवाद. पाटीची पाठ तपासली. टाकीचे चर आहेत, आणि एका बाजूला गंजलेला लोखंडी आकडा शिशात बसवलेला आहे. त्याच्या भोवती तपकिरी डाग आणि केसाएवढी भेग. घ्यावी का?

टाकीचे_घाव

आकडा हा चांगला पुरावा, भेग ही वाईट बातमी. जुने भाग एकमेकांना आणि भिंतीला लोखंडी आकड्यांनी धरलेले असत, वर शिसं किंवा प्लास्टर. ओलीने लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बाहेर सरकायला जागा नसते, म्हणून दगड फुटतो. भेग थांबलेली नाही. आकडा आत आहे तोवर ती वाढणार.

भाव भेगेप्रमाणे पाडून घ्या, आणि घरी आणल्यावर सगळ्यांत आधी आकडा काढा. उपटायचा नाही. आकड्याच्या दोन्ही बाजूंच्या शिशात बारीक ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडून शिसं सैल करायचं, मग आकडा हलवत काढायचा. ड्रिल हॅमर मोडवर कधीही नाही. शिशाची धूळ होते, हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारा पी-३ मास्क लागतो. जुनं शिसं घरच्या कचऱ्यात टाकू नका. रिकाम्या खाचेत नवा आधार हवाच असेल तर ३१६ (गंजाला जास्त टिकणाऱ्या) स्टेनलेसचा. माइल्ड स्टीलला रंग लावून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

भेग उघडत नसेल तर तशीच राहू द्या. उघडत असेल, म्हणजे नखाने दाबल्यावर हलत असेल, तर दोन्ही पृष्ठांवर ॲसिटोनमध्ये १० टक्के विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (वस्तूंच्या जतनात वापरतात तो ॲक्रिलिक रेझिन) पातळ हात द्या आणि वाळल्यावर मगच इपॉक्सी. हा मधला थर ठेवला की पुढे कोणाला जोड सोडवायचा झाला तर ॲसिटोनने सुटतो. थेट इपॉक्सी दगडाच्या छिद्रांत शिरतो तो कायमचा. बाजारातला पॉलिएस्टरचा 'मार्बल ग्लू' पटकन घट्ट होतो पण पुढे पिवळा पडतो, आणि पांढऱ्या स्टॅच्युअरीत ती पिवळी रेघ लांबून दिसते.

सांदीकोपरा

सफाईसाठी लिंबू आणि खायचा सोडा पुरेसा असतो असं कितीतरी व्हिडिओंमध्ये सांगतात. माझ्या माहितीत लोकांनी असे मँटल (फायरप्लेसच्या चौकटी) चकाचक केलेत.

विदुला_ब

लिंबू नको, व्हिनेगर नको, बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला विरघळवतं. चकाचक दिसतं कारण वरचा मळकट थर दगडासकट गेलेला असतो. हात फिरवून बघा, पॉलिश जाऊन खरखरीत झालेलं कळेल. पानांच्या शिरा बोथट होतात. पुढे तीच खरखरीत बाजू आधीपेक्षा लवकर मळते. सोड्याची भुकटी घासली तर कोरीव खाचांत पांढरी बसते आणि निघत नाही.

बरोबर क्रम असा आहे. पहिल्यांदा कोरडी सफाई: मऊ केसांचा ब्रश आणि व्हॅक्यूमचं तोंड शेजारी धरून, तोंडावर जाळी बांधून, म्हणजे सुटा टवका आत जाणार नाही. काजळी ओली करण्याआधी कोरडी जेवढी निघेल तेवढी काढायची. ओली झाली की ती छिद्रांत उतरते. मग एक लिटर डिआयोनाइज्ड पाण्यात न्यूट्रल, रंग-वास नसलेल्या डिटर्जंटचे दोन-चार थेंब, आणि कापसाचे बोळे. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. मळला की फेकायचा. सुरुवात खालून करायची आणि वर चढायचं. वरून सुरू केलं तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं आणि ओघळांचे पट्टे उठतात. शेवटी नुसत्या पाण्याचा बोळा, लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यायचं.

एवढ्याने भागलं नाही तर पोटीस. केओलिन किंवा सेपिओलाइटची माती डिआयोनाइज्ड पाण्यात श्रीखंडाइतकी घट्ट कालवा. दगडावर आधी ओल्या टिश्यूचा एक थर, म्हणजे माती खाचांत अडकत नाही. त्यावर ६ ते ८ मिमी लेप, वर क्लिंग फिल्म, २४ तास. मग फिल्म काढून लेप पूर्ण वाळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग पोटीस चालत नाही म्हणतात. मळ वर येतो तो लेप वाळताना, पाणी लेपाच्या पृष्ठाकडे ओढलं जातं तेव्हा. ओलाच खरवडला तर विरघळलेला मळ परत दगडात जातो. लेप भेगाळून आपोआप सुटायला लागला की काढायचा. गरज पडली तर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही तेच दिसत असेल तर तो मळ नव्हे, दगडाचा जुना रंग आहे. तिथे थांबा.

तेलकट डागाला पाण्याऐवजी व्हाइट स्पिरिट, खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून लांब. गंजाच्या डागाला जुनी कृती आहे: सोडियम सायट्रेट १ भाग, कोमट पाणी ६ भाग, ग्लिसरीन ७ भाग, त्यात व्हाइटिंग (खडूची भुकटी) कालवून लेप, काही दिवस ठेवून स्वच्छ पाण्याने धुणं. सगळा गंज जाईलच असं नाही, डाग फिका होतो. ऑक्झॅलिक ॲसिडने पटकन जातो म्हणून ते सुचवतात, पण पॉलिशही त्याच्याबरोबर जातं.

पक्की_वीट

रंगाच्या थरांबद्दल राहिलं. व्हिक्टोरियन घरांत संगमरवराला ऑइल पेंट फासलेला सर्रास सापडतो. जुन्या थरांत शिसं असणार हे धरूनच चाला. कोरडं घासणं, हीट गन, दोन्ही बंद. हीट गनने रंग सुटतो, पण दगडही तापतो. कॉस्टिक सोड्याचा स्ट्रिपरही नको. तो दगडात शिरतो, नंतर क्षार बाहेर येताना पृष्ठ भुसभुशीत करतात. बेंझाइल अल्कोहोलचा जेल, आधी पाठीवर किंवा खालच्या कडेला ५ सेमीच्या चौकोनात चाचणी. जेल लावून फिल्मने झाका, काही तासांनी लाकडी काडीने काढा. धातूची पट्टी पानांजवळ आणूच नका. खाचांतला शेवटचा रंग बांबूच्या टोकदार काडीने निघतो, वेळ लागतो.

मधुमालती_एच

सगळं साफ करून शेवटी कोटिंग काय द्यावं? मायक्रोक्रिस्टलाइन मेण?

विदुला_ब

हो, पण पुसट. कापडावर मुगाएवढं घेऊन एक हात, दहा मिनिटांनी मऊ कापडाने चमक. खाचांत मेण साठलं की धूळ पकडतं. जवसाचं तेल, फर्निचर पॉलिश, नारळाचं तेल काहीही नको. पुढे पिवळं पडतं आणि पोटीसलाही दाद देत नाही. चूल पेटती असेल त्या फायरप्लेसवर मेणसुद्धा नको.

पक्की_वीट

आता बसवणी. आधी एक गैरसमज काढून टाका. फायरप्लेसमध्ये कॉर्बेल जॅम्बवर (चौकटीच्या उभ्या बाजूवर) बसलेली असते. शेल्फचं वजन तिच्यातून सरळ खाली जॅम्बमध्ये जातं, म्हणजे तिच्यावर नुसता दाब येतो. भिंतीवर अधांतरी लावली की तीच कॉर्बेल बाहेर झुकणारं वजन होते, वरचा आधार ओढला जातो, आणि दगड ओढीला कमजोर असतो. म्हणून कॉर्बेलवर शेल्फ टाकायचा असेल तर शेल्फ स्वतःच्या लपवलेल्या लोखंडी आधारावर, आणि कॉर्बेल त्याच्या खाली फक्त शोभेला. दोघांत २ मिमी फट ठेवा, वजन उतरायला वाव राहू नये.

हिशेब बघा. १४ किलोच्या कॉर्बेलचा भार भिंतीपासून साधारण ८ सेमीवर. म्हणजे ११२ किलो-सेमी. वरचा आणि खालचा आधार २५ सेमी अंतरावर असतील तर वरच्यावर ओढ साडेचार किलो. काहीच नाही. पण कोणी त्यावर ३० किलोचा सामान भरलेला शेल्फ १२ सेमीवर टेकवला की आणखी ३६० किलो-सेमी, वरच्या आधारावर ओढ जवळजवळ १९ किलो. तीही आधार सहन करेल, दगडातलं भोक नाही करणार. तडा नेहमी भोकाच्या काठापासून सुरू होतो.

म्हणून शक्यतो दगडात नवं भोक पाडूच नका. खाली ६ मिमी स्टेनलेसची एल-पट्टी, दगडाचं सगळं वजन तिच्यावर. वर दोन छोटे क्लिप, ते फक्त पुढे झुकू नये म्हणून. दगड आणि धातूच्या मध्ये ३ मिमी फोम किंवा नमदा. कॉर्बेलच्या पाठीला जुन्या आकड्याची खाच असेल तर क्लिप तिच्यातच बसवा, बाहेरून काही दिसत नाही.

विटांच्या भिंतीत: १२ मिमी भोक, ९० मिमी खोल, विटेत पाडायचं, सांध्यात नाही. जुन्या घराचे सांधे चुन्याचे आणि मऊ असतात. भोक फुंकून, ब्रशने, परत फुंकून धुळीशिवाय झालं पाहिजे, नाहीतर रेझिन धुळीला चिकटतं आणि सगळं हातात येतं. एम-१० स्टेनलेस रॉड, इंजेक्शन रेझिन, डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत भार नाही. थंडीत तो वेळ वाढतो.

प्लास्टरबोर्डवर: बोर्डात अडकवायचे प्लग १५ किलोच्या दगडाला नाहीत. बोर्ड कापून दोन स्टडच्या (बोर्डामागच्या उभ्या पट्ट्यांच्या) मध्ये १८ मिमी प्लाय स्क्रू करा, परत बोर्ड झाका, आणि एल-पट्टीचे स्क्रू प्लायमध्ये. स्टडचं अंतर ४०० किंवा ६०० मिमी, त्याप्रमाणे मापं काढा. बोर्ड कापायचा नसेल तर पाटी भिंतीवर लावूच नका. कन्सोलवर (भिंतीलगतच्या अरुंद टेबलावर) किंवा जमिनीवरच्या पायथ्यावर उभी करा, पाठीमागे एक क्लिप.

गडदनिळा

भिंत आणि दगड यांच्यातली फट सिलिकॉनने भरावी का?

पक्की_वीट

व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर मुळीच नाही. सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो, कड खातो. न्यूट्रल सिलिकॉनसुद्धा 'नॅचरल स्टोन'साठी म्हणून लिहिलेलाच. बाकीच्यांतलं तेल दगडात झिरपतं आणि कडेने ओलसर दिसणारी करडी पट्टी उठते, ती निघत नाही. सुट्या तुकड्याला मी फट भरणारच नाही. ४-५ मिमी मोकळी सावली चांगली दिसते आणि भिंतीतली ओल दगडापर्यंत येत नाही. मोठा मँटल बसवताना सांधे भरावे लागतात, तिथे पांढरा चुना किंवा पांढरं सिमेंट. करड्या सिमेंटमुळे पांढऱ्या संगमरवरात पिवळे-तपकिरी डाग येतात.

मधुमालती_एच

मँटलशेल्फवर गणपती बसवतो त्यांनी काय काळजी घ्यावी? इकडे हॉलमध्ये तीच एक उंच आणि मध्यावरची जागा असते.

विदुला_ब

जागा उत्तम, पण शेल्फचा दगड पूजेच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला घाबरतो. हळद आणि कुंकवाचा रंग छिद्रांत उतरतो, ओल्या हाताने सांडलं तर काही मिनिटांत. पंचामृतातलं दही आंबट, पॉलिश खातं. समईचं तेल पाझरून खाली काळपट वर्तुळ उठतं. फुलांच्या देठांचं पाणी आणि तेरड्याच्या पाकळ्या रात्रभर राहिल्या तरी रंग सोडतात.

शेल्फवर आधी पातळ फोम, त्यावर कडा उचललेलं स्टेनलेसचं किंवा पितळेचं ताट, शेल्फच्या पूर्ण मापाचं. पितळ थेट दगडावर नको, हिरवट डाग पडतो. पाट त्या ताटात. अभिषेक मँटलवर नाही, वेगळ्या तबकात, खाली. समई शेल्फवर न ठेवता शेजारच्या स्टुलावर, म्हणजे वरच्या कोरीव पट्टीला काजळी बसणार नाही. सांडलंच तर चोळू नका. टिपून घ्या, नुसत्या पाण्याच्या बोळ्याने परत टिपा. हळदीचा डाग राहिला तर पाण्याची पोटीस, आणि खिडकीच्या उन्हात तो बराच फिका होतो. आणि एक: साधारण दीड मीटर लांब, २२ सेमी खोल, ३ सेमी जाड शेल्फ स्वतःच जवळजवळ २७ किलोचा असतो. मूर्ती पुढच्या कडेला नको, भिंतीकडे सरकवून ठेवा.

चुलाणा

खाली लाकडाचा स्टोव्ह पेटवतो त्यांच्यासाठी. संगमरवर उष्णतेने सरळ फुगत नाही. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने पसरतो आणि आडव्या दिशेने किंचित आक्रसतो. दगडात स्फटिक सगळ्या दिशांना तोंड करून बसलेले, त्यामुळे तापणं-निवणं दर हिवाळ्यात होत राहिलं की ते एकमेकांपासून सुटतात. बोट फिरवलं की साखरेसारखे कण हाताला लागतात, त्या अवस्थेला पॉलिश-मेण काही कामाचं नाही. आगीच्या तोंडाजवळच्या पट्ट्या आणि हार्थ (आगीखालची, पुढची फरशी) याचसाठी एकसंध ठेवत नाहीत. तुकड्यांत कापून पाठीला उष्णतारोधक काँक्रीट देतात. तुमच्याकडचा जुना एकसंध दगड असेल तर तो शोभेलाच ठेवा, त्याखाली आग नको.

नारायण_पेठी

पुण्यात फ्लॅटमध्ये असा अख्खा मँटल नुसता शोभेला लावता येईल का? मुंबईच्या चोर बाजारात मिळतात तसा, किंवा ब्रिटनमधून मागवून.

पक्की_वीट

लावता येईल. अख्खा मँटल १५० ते २५० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भारासाठी आखलेला असतो, आणि मँटलचा पाया अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी. म्हणून तो बीमवरच्या भिंतीलगत ठेवायचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारायचं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत साधे अँकर धरत नाहीत, त्यामुळे जमिनीवर उभी राहणारी चौकोनी पाइपची फ्रेम आणि मँटल तिला क्लिपने. भिंतीला फक्त पुढे झुकू नये म्हणून दोन ठिकाणी बांधा.

मागवणार असाल तर भाग उभे, कडेवर, लाकडी पेटीत. आडवी ठेवलेली लांब पट्टी वाटेत मधोमध मोडते. पेटीच्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का हवा. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचं कस्टममध्ये वेगळं वर्गीकरण आहे, क्रमांक ९७०६, आणि वयाचा कागदोपत्री पुरावा मागतात. उलट दिशेने, भारतातून बाहेर नेण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. १०० वर्षांपेक्षा जुनं शिल्प किंवा कोरीव दगड खाजगी माणसाला बाहेर नेता येत नाही.

चोर बाजारातल्या मालाला वर टाकीचे_घाव यांनी सांगितलेल्या सगळ्या चाचण्या लावा. मकराण्याच्या दगडात नव्याने कोरलेलं काम 'ब्रिटिशकालीन' म्हणून मिळू शकतं. काम चांगलं असेल तर नवं म्हणून, नव्याच्या भावात, खुशाल घ्या.

विदुला_ब

गडदनिळा, मांडणीबद्दल एक. कोरीव पाटी समोरून प्रकाश टाकून मारू नका. दिवा वर एका बाजूला, भिंतीपासून २०-३० सेमीवर, खाली घासत येणारा उजेड, म्हणजे माळेतल्या प्रत्येक पाकळीला सावली पडते. पाटी मूळची मँटलशेल्फच्या खाली, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास असायची आणि कोरणाऱ्याने ती किंचित वरून बघितली जाईल हे धरूनच खोली दिलेली असते. डोळ्यांच्या वर लावली तर कलशाचं तोंड दिसेनासं होतं. कन्सोल टेबलाच्या वर, पाटीचा मध्य १२० ते १३० सेमीवर ठेवून बघा. कॉर्बेलचं उलट आहे. त्यांचं पान खालून वर वळलेलं असतं, त्या जरा उंच चालतील. कोपऱ्याचे ठोकळे भिंतीला न लावता पुस्तकांच्या कपाटात उभे करा. अडीच किलोला स्क्रू कशाला?

गडदनिळा

ठरलं. पाटी कन्सोलवर, वर एल-पट्टी न लावता फक्त पाठीमागे क्लिप. कॉर्बेल विटांच्या भिंतीवर, शेल्फ वेगळ्या आधारावर. आकडा काढून झाल्यावर खाचेचा फोटो इथे टाकतो, भेगेबद्दल तेव्हा पुन्हा विचारेन.

टाकीचे_घाव

फोटो दोन काढा. एक समोरून, एक टॉर्च तिरका धरून. आणि आकडा काढण्याआधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करून शेजारी तारीख लिहा, पाठीच्या बाजूला. महिन्याने भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर पाटी उभी न ठेवता आडवी झोपवून ठेवा आणि मगच जोडाचं बघू.